फेरिस्त नसलेला ठेवा

विम्याच्या व्यवहाराशी बीड जिल्ह्याइतका निकटचा परिचय असलेला जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच दुसरा असेल. पावसाने दडी मारली की आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा तोंडपाठ सांगणारी, शेतात पाणी शिरल्यापासून बहात्तर तासांच्या आत पूर्वसूचना दिली नाही तर दावा बाद होई हे वकिलाच्या साहाय्यावाचून जाणणारी आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यावरील टक्केवारी दोनदा वाचून घेणारी माणसे येथे गावोगाव भेटतात. इतकेच नव्हे, तर २०२० सालच्या खरिपात या जिल्ह्यापुरती जी तजवीज करण्यात आली, म्हणजे भरपाईची रक्कम जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेल्यास वरचा बोजा राज्य सरकारने उचलावा आणि ती ८० टक्क्यांच्या आत राहिल्यास कंपनीने २० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम सरकारास परत करावी, ती तजवीज ‘बीड पॅटर्न’ हे नाव धारण करून पुढे साऱ्या राज्यात गेली. अलीकडे पीकविम्याच्या बनावट अर्जांमुळे याच जिल्ह्याची अपकीर्तीही झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अशा अपकीर्तीसाठीसुद्धा ती विद्या अवगत असावी लागते.

अशा या जिल्ह्यात सोयाबीनचा विमा कर्जाबरोबर येतो, दुचाकीचा कायद्याच्या धाकाने उतरविला जातो आणि माणसाच्या आयुष्याचा एजंटाच्या भिडेखातर. केवळ माजघरातील कपाटात, देवघरात आणि माळ्यावरच्या पेटाऱ्यात तीन-चार पिढ्यांनी सांभाळलेला जो ठेवा असतो, त्याचा विमा उतरविण्याचा विचार सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. याहूनही मला अधिक चिंतेची वाटणारी गोष्ट अशी की, त्या ठेव्याची साधी फेरिस्तही बहुतेक घरांत आढळत नाही. विम्याचा हप्ता भरावा की न भरावा हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न असू शकेल; पण आपल्या घरात काय आहे हे कागदावर न उतरविण्याची आपली जी दृढ प्रवृत्ती आहे, ती श्रीमंतास व गरिबास सारखीच घातक आहे, आणि घरगुती ठेव्याच्या विम्याचे खरे मोल, माझ्या मते, त्याच्या भरपाईपेक्षा तो आपणांकडून जी याद करवून घेतो तीत आहे.

ठेवा म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे सोने उभे राहील, आणि ते स्वाभाविकही आहे. पण या मुलखातील घरांचे वैशिष्ट्य तेवढ्यावर संपत नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याच्या खुणा कचेऱ्यांतून जितक्या झपाट्याने पुसल्या गेल्या तितक्या त्या घरांतून पुसल्या गेल्या नाहीत. बीड शहरात, अंबाजोगाईस (जिचे नाव त्या काळी मोमिनाबाद होते), धारूर, गेवराई, पाटोदा या गावांच्या जुन्या वाड्यांतून चांदीच्या तारेचे नाजूक काम केलेले बिदरी पानदान, हुक्क्याचे बूड, औरंगाबादी हिमरूची शेरवानी, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी, चारमिनाराची मुद्रा मिरविणारे हाली रुपये, ज्यांतील सात मोजले असता सहा कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपये मिळत, इनामाचे मुंतखब, म्हणजे हक्काचे दाखले, आणि मोडी व फारसी कागदांची बासने अजूनही निघतात. ब्राह्मणांच्या व वारकऱ्यांच्या देवघरांत पोथ्या आणि पितळी मूर्ती आहेत. कुणब्याच्या घरी कुलदैवतांचे चांदीचे टाक, पुतळ्यांची माळ, बोरमाळ, गोठ आणि पाटल्या आहेत. तांड्यावरच्या बंजारा आजीच्या पेटीत चांदीचे जड अलंकार आणि कवड्या-आरशांचे असे भरतकाम आहे की ज्याच्याकडे शहरातील संग्राहक आता लोभाने पाहू लागले आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून असल्याच वस्तू, अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे, वाद्ये, गावोगावच्या घरांतून मिळवून एक जगप्रसिद्ध संग्रहालय उभे केले आणि आपल्या अकाली गेलेल्या राजा नामक पुत्राचे नाव त्यास दिले, हे सर्वांस ठाऊक आहे. केळकरांनी ज्या वस्तू नेल्या त्यांची नोंद झाली. ज्या नेल्या नाहीत त्या जिथल्या तिथे, नोंदीवाचून, राहिल्या.

नोंद न करण्याचे कारण आळस हे असते तर फार लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. कारण आहे ते भयाचे, आणि ते भय एकपदरी नाही. दृष्ट लागेल, हे आजीचे भय. याद लिहिली की तिच्यावरून वाटणी मागितली जाईल, हे थोरल्या भावाचे भय. कागद चोराच्या हाती लागेल, हे सुनेचे भय. आणि सरकारास कळेल, हे सर्वांचे मिळून भय. यांतील शेवटच्या भयास इतिहासाचा आधार आहे. ज्या प्रदेशाने जागीरदारांचे अंमल पाहिले आणि १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत भांडीकुंडी जमिनीत पुरून रातोरात गाव सोडण्याचा प्रसंग ज्यातील कुटुंबांवर आला, त्या प्रदेशाने संपत्ती लपविण्यास शहाणपण मानले यात नवल ते काय? पुढे पुरणारा मेला, वाडा पडला, आणि गुप्तधनाच्या दंतकथा तेवढ्या उरल्या. (या दंतकथांमागे लागून रात्री-अपरात्री पडक्या गढ्या खणणाऱ्या महाभागांस हे सांगून ठेवलेले बरे की, १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अद्याप अमलात आहे, आणि जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे.)

आयकराचे भय मात्र बव्हंशी अज्ञानातून आलेले आहे. झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीमागे २५० ग्रॅम आणि पुरुषामागे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असा आदेश प्रत्यक्ष कर मंडळाने ११ मे १९९४ रोजीच काढलेला आहे. आणि वारसाने आलेले किंवा हिशेबातील उत्पन्नातून घेतलेले सोने त्याहून अधिक असले तरी ते बाळगण्यास मज्जाव नाही, फक्त ते कोठून आले हे सांगता आले पाहिजे. आता हे सांगावयाचे कशाच्या आधारे, तर पावतीच्या आणि यादीच्या! म्हणजे ज्या भयाने आपण याद करीत नाही, त्या भयावरचा उतारा ती यादच आहे.

या गुप्ततेचे परिणाम राजवाड्यातसुद्धा चमत्कारिक होतात. ‘जेकब’ नावाचा १८४ कॅरटांहून अधिक वजनाचा हिरा सहाव्या निजामाच्या जोड्याच्या टोकाशी कोंबलेला सातव्या निजामास सापडला आणि त्याने तो कागदांवर वजन म्हणून ठेवला, अशी कथा सांगतात. परंतु त्याच सातव्या निजामाने राज्य गेल्यानंतर आपल्या जवाहिराचे न्यास करून त्याची व्यवस्थित मोजदाद करविली, आणि म्हणूनच १९९५ साली भारत सरकारला त्यांतील १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांस एकत्र खरेदी करता आले. जोड्यात राहिलेला हिरा आणि न्यासाच्या यादीत चढलेला हिरा हे द्रव्य एकच असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या वस्तू होत. पहिल्याची चोरी झाली असती तर फिर्याद तरी काय लिहिली असती?

फिर्यादीचा हा प्रश्न केवळ राजेरजवाड्यांचा नाही. घरफोडी झाल्यावर पोलीस ठाण्यात जो जबाब होतो, त्यात ‘सोन्याचे दागिने अंदाजे अमुक तोळे’ एवढेच बहुतेक वेळा लिहिलेले असते. पुढे चोर सापडला, सोनाराकडे वितळवलेली लगड सापडली किंवा दैवयोगाने दागिना जसाच्या तसा सापडला, तरी तो आपलाच हे न्यायालयापुढे दाखवून मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर परत मिळविण्याइतका पुरावा फिर्यादीजवळ नसतो. विमा कंपनीकडे जावे तर तीही हेच विचारते: वजन काय होते, घडण कोणाची, पावती आहे काय, दागिना अंगावर असतानाचे छायाचित्र आहे काय? लग्नातील छायाचित्रे या कामी उपयोगी पडतात, आणि आपल्याकडील लग्नाच्या अल्बमास एवढे तरी एक व्यावहारिक प्रयोजन आहे, असे मी समाधान मानतो.

आता विम्याकडे वळू, कारण त्याच्या अटी जाणून न घेता तो उतरविणे हे न उतरविण्यापेक्षा अधिक मनस्तापाचे ठरते. १ एप्रिल २०२१ पासून देशातील सर्व साधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी देणे नियामक प्राधिकरणाने बंधनकारक केले. आग, वीज, पूर, वादळ, भूकंप, दंगल यांपासून घराच्या इमारतीचे आणि त्यातील सामानाचे संरक्षण तीत आहे. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, परंतु १० लाखांपेक्षा अधिक नव्हे, इतके सामान आपोआप संरक्षित होते. आणि जुन्या पॉलिसीतील सरासरीची जाचक अट, जिच्या अन्वये दहा लाखांच्या मालाचा पाच लाखांचाच विमा उतरविणाऱ्यास दोन लाखांच्या नुकसानीपोटी एकच लाख हाती येई, ती या पॉलिसीत ठेवलेली नाही. ज्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरातील दगड-मातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या, आणि ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरातून १९८९ साली बिंदुसरेचा पूर गेला, त्या जिल्ह्यात माळवदाच्या घरांत राहणाऱ्यांना या तरतुदींचे महत्त्व समजावून सांगावे लागू नये.

परंतु येथेच सामान्य ग्राहकाची फसगत होते, आणि ती कंपनीने केलेली नसून न वाचण्याने झालेली असते. ‘सामान’ या शब्दात भांडी, कपाटे, दूरचित्रवाणी संच येतात. दागिने, जुन्या कलावस्तू, चित्रे, मूर्ती येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे, ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते, आणि ते ‘संमत मूल्य’ या तत्त्वावर असते. म्हणजे बिदरी पानदानाची किंमत किती हे नुकसान झाल्यानंतर घासाघीस करून ठरावयाचे नसून, पॉलिसी घेतानाच उभयपक्षी मान्य करून कागदावर लिहावयाचे असते. त्यासाठी मूल्यमापकाचा दाखला लागतो. मात्र अशा वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखांच्या आत असेल आणि कोणतीही एक वस्तू १ लाखाहून अधिक किमतीची नसेल, तर दाखल्याची अट माफ आहे. ही सवलत ज्यांनी घातली त्यांनी सामान्य गृहस्थाचा विचार केला होता, यात शंका नाही. पण २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा उंबरठा ओलांडल्यापासून एका पाटलीसाठीही दाखला लागू लागला आहे. सोन्याच्या दराबरोबर ही मर्यादा वाढविली गेली पाहिजे, आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी आपणही आपली रक्कम वाढविली पाहिजे. दहा वर्षांपूर्वीच्या भावाने उतरविलेला विमा आज दागिन्याच्या निम्म्या किमतीसही पुरावयाचा नाही.

दुसरी गोष्ट चोरीची. या पॉलिसीत चोरी अंतर्भूत आहे ती फक्त पूर, आग, भूकंप असल्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत, त्या आपत्तीचा फायदा घेऊन झालेली. एरव्हीच्या घरफोडीसाठी निराळे कलम किंवा निराळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि तीतही ‘बळाचा वापर करून प्रवेश’ ही अट बहुधा असते. कडी तोडली, खिडकीचे गज वाकविले, भिंतीस भगदाड पाडले, तर दावा टिकतो. परंतु चौकटीवरच्या देवळीत ठेवलेली किल्ली घेऊन कोणी सभ्यपणे कुलूप उघडले, पेटी रिकामी केली आणि किल्ली पुन्हा जागेवर ठेवली, तर दावा अडतो. घरातल्याच माणसाने हात मारला असेल तर तो टिकतच नाही. आता आपल्या खेड्यांत किल्ली देवळीत किंवा शेजारणीच्या हवाली करून शेतावर जाण्याचा रिवाज आहे, आणि या परस्परविश्वासास मी खेड्याची शोभाच मानतो. पण विम्याच्या कायद्यास या शोभेचे सोयरसुतक नाही.

तिसरी गोष्ट जोडीची. पाटल्यांच्या जोडीतील एक हरवली तर कंपनी अर्धीच किंमत देते, उरलेल्या एकटीस बाजारात काय किंमत येईल याचा विचार करीत नाही. पुतळ्यांच्या माळेतील चार पुतळ्या गेल्या तर चारांचेच पैसे. चवथी गोष्ट झिजेची: कसर, वाळवी, उंदीर, ओल आणि काळ यांनी केलेले नुकसान कोणतीही कंपनी भरून देत नाही. आणि पाचवी, जी मला सर्वांत मर्मभेदक वाटते, अशी की, भरपाई घेतल्यानंतर पुढे वस्तू सापडली तर तिच्यावर कंपनीचा हक्क पोहोचतो. आजीची नथ सहा वर्षांनी एखाद्या सराफाच्या दुकानात मिळाली तर ती परत घेण्यासाठी आपणांस भरपाई परत करण्याची बोली करावी लागते. त्यासाठी दावा निकालात काढतानाच तशी लेखी अट मागून घ्यावी. दाव्यास पोलिसांचा शेवटचा अहवालही लागतो. गुन्हा खरा पण तपास लागला नाही अशा अर्थाची ‘अ समरी’ न्यायालयात मंजूर होईपर्यंत महिनेच्या महिने जातात, आणि पीकविम्याच्या दिरंगाईस सरावलेल्या शेतकऱ्यासही येथे नव्याने धीर धरावा लागतो.

‘मग एवढ्या यातायातीपेक्षा लॉकर बरा’ असे कोणी म्हणेल. लॉकर अवश्य घ्यावा; पण त्यातील वस्तूंचा विमा बँकेने उतरविलेला असतो ही समजूत मनातून काढून टाकावी. कलकत्त्याच्या एका लॉकरधारकाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कानउघाडणी केल्यावर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी जे नियम केले, त्यांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा नोकराची अफरातफर या कारणांनी नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरते आहे. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. पूर किंवा भूकंप यांसारख्या दैवी आपत्तीत, बँकेची हयगय सिद्ध न झाल्यास, तेवढेही नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातील पतसंस्थांनी ठेवीदारांना जो अनुभव दिला आहे, आणि बँकांच्या ठेवींस असलेले ५ लाखांचे विमासंरक्षण पतसंस्थांस लागू नाही हे ज्या रीतीने लोकांना उमगले आहे, त्यानंतर पैसा पुन्हा सोन्याच्या रूपाने घरात येऊ लागला असेल तर त्याबद्दल कोणास दोष देता येणार नाही. येथे एक विपर्यास नमूद करण्याजोगा आहे. सोने तारण ठेवून कर्ज देणाऱ्या संस्था त्या तारणाचा विमा आपल्या हितासाठी बहुधा उतरवितात. म्हणजे आपल्याकडे दागिना गहाण पडला की त्यास संरक्षण मिळते, आणि कर्ज फेडून तो सन्मानाने घरी आला की तो निराधार होतो!

आतापर्यंत ज्या वस्तूंविषयी लिहिले त्या पैशाने पुन्हा उभ्या करता येतात, निदान त्यांच्या मोबदल्यात पैसा घेऊन मनाचे समाधान करता येते. पण या जिल्ह्यातील ठेव्याचा एक भाग असा आहे की ज्यापुढे विमाशास्त्र हात जोडून उभे राहते. आगीच्या जुन्या पॉलिसीत काय आणि नव्या गृह रक्षेत काय, हस्तलिखिते, दस्तऐवज आणि नाणी ही विशेष उल्लेख करून घेतल्याखेरीज संरक्षणाबाहेर ठेवलेली आहेत. म्हणजे मुंतखब गेला, हाली रुपये गेले, आणि पोथीही गेली. विशेष उल्लेख करावा, तर पोथीचे संमत मूल्य कोण सांगणार? अंबाजोगाईस सतराव्या शतकाच्या आरंभी देह ठेवलेल्या दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिला, आणि त्याउपर ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर, म्हणजे अंगावर पांघरावयाच्या जाड्याभरड्या कापडावर, उतरवून काढला. ती पासोडी त्यांच्या वंशजांच्या देवघराने शतकानुशतके सांभाळली. कोणत्या सराफाच्या काट्यावर हे कापड तोलावयाचे? आणि समजा, एखाद्या उदार कंपनीने एक कोटीचा आकडा लिहूनही दिला, तर पासोडी जळाल्यावर त्या कोटीतून काय विकत आणावयाचे?

या प्रश्नास बीडच्याच भूमीने एक उत्तर देऊन ठेवले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांस ज्ञानेश्वरीची एक प्राचीन पोथी बीडच्या पाटांगणावर मिळाली. तिची संहिता त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. मूळ पोथी पुढे अभ्यासकांस उपलब्ध झाली नाही. तिच्या प्राचीनत्वाविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाले, आणि मूळ पाहावयास नसल्यामुळे त्यांतील काही वाद कधीच मिटणार नाहीत. पण वाद करण्यापुरती का होईना, संहिता आपल्या हाती उरली, ती नक्कल झाली म्हणून. हस्तलिखितांच्या बाबतीत नक्कल हाच विमा होय, आणि त्याचा हप्ता आज एका साध्या मोबाइलने पानोपानी छायाचित्र घेण्याइतका स्वल्प आहे. याच्या जोडीस १९७२ सालचा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे, जो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व चित्रे, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह नोंद करणे त्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पुष्कळांची समजूत अशी की नोंद केली की सरकार मूर्ती उचलून नेते. तसे नाही, वस्तू घरातच राहते, मालकी आपलीच राहते, देशाबाहेर नेण्यास तेवढी बंदी आहे. आणि देवघरातील मूर्ती चोरीस जाऊन ती परदेशातील लिलावात उभी राहिली, तर ती आपली हे सांगणारा सरकारी शिक्क्याचा कागद आपल्या हाती असतो.

अखेरीस ज्यांच्याविषयी लिहावे असे प्रथमपासून मनात होते, त्यांच्याकडे येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लक्षावधी स्त्री-पुरुष मुकादमाची उचल घेऊन, कोयता खांद्यावर टाकून, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परत येतात. मागे राहते ते कुलूपबंद घर, आणि फार तर एक वृद्ध जोडपे. त्या घरातही ठेवा आहे: तांब्याचे हंडे, पितळेची घागर, सासूने दिलेले डोरले, चांदीचे वाळे, देव्हाऱ्यातील टाक. सारे मिळून पन्नास हजारांचे असेल, पण त्या घराच्या दृष्टीने तो निजामाचा खजिनाच आहे. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत एक अट असते की घर सलग तीस दिवसांहून अधिक काळ वस्तीविना राहिले, आणि कंपनीची पूर्वसंमती घेतलेली नसली, तर संरक्षण थांबते. म्हणजे ज्या सहा महिन्यांत त्यास विम्याची खरी गरज, त्याच सहा महिन्यांत विमा अंतर्धान पावणार. ही अट ज्यांनी लिहिली त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्याच्या सुटीत थंड हवेच्या ठिकाणी जाणारा नगरवासी गृहस्थ असावा. स्थलांतर हाच ज्यांचा हंगाम, अशी माणसे नसावीत.

यावर तोड नाही असे नाही. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झालेले आहे, आणि साखर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये व सरकारकडून तितकेच त्यास मिळावेत अशी योजना आहे. ग्रामसेवकांकरवी मजुरांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचाही निर्णय झालेला आहे. या महामंडळाने जिल्ह्यातील नोंदलेल्या कुटुंबांसाठी एकत्रित गृहविमा घ्यावा, त्यात गाळप हंगामापुरती वस्तीची अट रद्द करून घ्यावी, आणि ओळखपत्राच्या नोंदीबरोबरच घरातील मौल्यवान वस्तूंची एक पानी याद, छायाचित्रांसह, कुटुंबाच्याच मोबाइलमध्ये करून द्यावी. वैयक्तिक जीवन व आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला असता घराच्या विम्यावर तो अठरा टक्के राहावा, हेही न्यायाचे नाही. निदान अशा सामूहिक पॉलिसीवरचा तरी तो सोडावा.

कंपन्या म्हणतील की, ज्या जिल्ह्यात न पेरलेल्या पिकाचा विमा उतरविला गेला तेथे न असलेल्या हंड्याचाही उतरविला जाईल. आक्षेप निराधार नाही. पण बनावट पीकविमा गावातल्या कोयतेवाल्याने काढला नव्हता. परक्या जमिनीचे गट क्रमांक हाताशी असणाऱ्यांनी काढला होता. पन्नास हजारांची कमाल मर्यादा, घर सोडण्यापूर्वी काढलेले छायाचित्र आणि पोलीस पाटलाची रुजवात एवढ्या तीन बंधनांत लबाडीस उरणारा वाव इतका थोडा आहे की, त्याच्या भयाने शिरूर कासार किंवा धारूर यांपैकी एका तालुक्यात, येत्या गाळपापूर्वी, हा प्रयोग करून पाहण्यास कोणत्याही कंपनीने कां कूं करू नये.